विल्यम हर्शेल आणि न दिसणारा उजेड

घोडा लंगडायला लागला, की जुना मोतद्दार आधी त्याला काही पावलं चालवून बघायचा. पुढचा पाय दुखत असेल, तर तो पाय जमिनीला टेकताना घोडा मान वर उचलतो आणि धडधाकट पाय टेकला की मान खाली येते. पाय कळला, तरी त्या पायात नेमकं कुठं दुखतंय हे उरतंच. मग मोतद्दार खाली बसून पालथा हात खुरापासून वर वर फिरवायचा. जिथं हाताला ऊन लागेल, तिथं दुखणं. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती, घोडदळ होतं. त्या पागेतही रोज सकाळी असे किती तरी हात घोड्यांच्या पायांवरून फिरले असतील. घोडा बोलत नाही. त्याच्या कातडीची ऊबच त्याच्या वतीनं बोलते.

आज तेच काम एक कॅमेरा करतो. घोड्याच्या पायासमोर तो धरला, की पडद्यावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांचं चित्र उमटतं. थंड भाग निळा, गरम भाग लाल. या कॅमेऱ्याला उजेड लागत नाही. कातडीतून सतत बाहेर पडणारे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तो टिपतो. हे किरण आहेत, हे सगळ्यात आधी ओळखणारा माणूस डॉक्टर नव्हता, पशुवैद्य नव्हता आणि शिक्षणानं शास्त्रज्ञही नव्हता. तो होता पोटासाठी बाजा वाजवणारा एक वादक. त्याचं नाव विल्यम हर्शेल.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात झाला. वडील आयझॅक लष्करी बँडमध्ये ओबो नावाचं सनईसारखं वाद्य वाजवत. पगार तुटपुंजा, घरात मुलं बरीच. पण वडिलांना संगीताबरोबर आकाशाचंही वेड होतं. थंडीच्या रात्री मुलांना बाहेर नेऊन ते तारे दाखवत. चौदाव्या वर्षी विल्यमही त्याच बँडमध्ये लागला. १७५७ मध्ये हास्टेनबेकच्या लढाईत फ्रेंचांनी हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव केला. रात्री चिखलात झोपणं आणि दिवसा तोफांचा मारा असं चाललेलं असताना बापानं पोराला तिथून निघून जायला सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी विल्यम भावाबरोबर इंग्लंडला पोचला. हातात कला होती, खिशात जवळपास काही नव्हतं. सुरुवातीला त्यानं दुसऱ्यांच्या स्वरलिपी उतरवून काढण्याचं काम करून पोट भरलं.

पुढची काही वर्षं गावोगाव वाजवण्यात आणि शिकवण्यात गेली. १७६६ मध्ये बाथ या श्रीमंतांच्या गावात एका प्रार्थनागृहात ऑर्गनवादकाची जागा मिळाली आणि त्याचं बस्तान बसलं. शिकवण्या, मैफली, स्वतःच्या रचना. चोवीस सिंफनी त्याच्या नावावर आहेत. एवढ्यावर त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण संगीताच्या गणितातून तो प्रकाशाच्या शास्त्राकडे वळला आणि तिथून दुर्बिणींकडे. चांगली दुर्बीण विकत घेणं परवडणारं नव्हतं. १७७३ मध्ये, पस्तिशीच्या आसपास, त्यानं स्वतःच आरसे घासायला घेतले.

आधीच्या वर्षी त्यानं धाकटी बहीण कॅरोलिन हिला हॅनोव्हरहून बाथला आणलं होतं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. दहाव्या वर्षी टायफस तापानं तिची वाढ खुंटली, उंची सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली. हिचं लग्न होणार नाही, घरची धुणीभांडी करण्यातच हिचा जन्म जाणार, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. भावानं तिला गाणं शिकवलं, गणित शिकवलं आणि हळूहळू दुर्बिणीच्या कामात ओढलं. आरसा घासताना मध्येच हात काढला तर त्याचा आकार बिघडतो. एकदा विल्यमनं सलग सोळा तास हात काढला नाही, तेव्हा कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत राहिली.

घोड्याचा संबंध या कथेत इथंच पहिल्यांदा येतो. त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत, तांबं आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेले असत. ओतण्यासाठी साचा लागे आणि हर्शेलच्या घरी तो घोड्याच्या लिदीचा बनवत. ढीगभर लीद खलबत्त्यात कुटायची आणि बारीक चाळणीतून चाळायची, हे काम कॅरोलिननं तासन् तास केलं. १७८१ मध्ये घराच्या तळघरात तीन फुटी आरसा ओतताना भट्टी गळली. वितळलेला धातू दगडी फरशीवर पसरला, फरश्या तडातड फुटून छतापर्यंत उडाल्या आणि विल्यम, त्याचा भाऊ आणि कामगार जीव घेऊन पळाले. संगीतशिक्षकाचं घर एव्हाना लोहाराची भट्टी झालं होतं.

त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री घरामागच्या बागेतून, स्वतः केलेल्या सात फुटी दुर्बिणीतून तारे पाहताना त्याला एक ठिपका वेगळा दिसला. तारा कितीही मोठा करून पाहिला तरी बिंदूच राहतो, हा मात्र चकतीसारखा होता. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. पुढच्या काही महिन्यांत गणित मांडल्यावर लक्षात आलं, की हा शनीपलीकडचा नवा ग्रह आहे. तोच युरेनस. माणसाला अनादि काळापासून ठाऊक असलेल्या ग्रहांच्या यादीत पहिल्यांदाच भर पडली होती. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज खूश झाला आणि त्यानं वर्षाला दोनशे पौंडांचं मानधन बांधून दिलं. शिकवण्या सुटल्या. १७८७ पासून कॅरोलिनलाही वर्षाला पन्नास पौंड मिळू लागले. विज्ञानाच्या कामासाठी पगार घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव येतं. तिनं स्वतः आठ धूमकेतू शोधले.

ही कीर्ती फुकट मिळालेली नव्हती. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री बर्फ साचलेल्या अंगणात निरीक्षण चाललं होतं. दुर्बीण थोडी सरकवायला विल्यमनं हाक मारली, कॅरोलिन अंधारात धावली आणि घसरून एका लोखंडी आकड्यावर पडली. खाटकाच्या दुकानात मांस टांगायला असतो तसला तो आकडा उजव्या मांडीत, गुडघ्याच्या वर घुसला. तिला सोडवताना जवळपास पाच तोळे मांस त्या आकड्यालाच राहिलं. तिनं जखम स्वतः धुतली, स्वतः बांधली. काही दिवसांनी एका डॉक्टरांना कळलं, तेव्हा ते मलम आणि पट्टी घेऊन आले. अशी जखम घेऊन सैनिक दीड महिना इस्पितळात पडून राहिला असता, असं त्यांचं मत पडलं. त्या रात्री आकाश ढगाळलं होतं, त्यामुळे भावाची फारशी निरीक्षणं बुडाली नाहीत, याचंच तिला समाधान वाटलं. प्रतिजैविकं यायला अजून दीडशे वर्षांहून अधिक काळ होता. जखम चिघळली असती, तर पाय तरी गेला असता किंवा जीव तरी.

हर्शेलनं पुढे स्लाउ इथं चाळीस फूट लांबीची, चार फुटी आरशाची अवाढव्य दुर्बीण उभारली. १७८९ मध्ये ती पूर्ण झाली आणि अर्धशतकभर जगात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. पण घोड्याच्या पायापर्यंत पोचणारा शोध तिच्यातून लागला नाही. तो लागला टेबलावर ठेवलेल्या एका लोलकातून.

१८०० साल. हर्शेल एकसष्ट वर्षांचा होता आणि सूर्यावरचे डाग पाहत होता. दुर्बिणीतून सूर्य पाहायचा तर डोळ्यांच्या रक्षणासाठी रंगीत काचा लावाव्या लागत. त्याच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. काही काचांतून उजेड कमी येई, पण डोळ्याला चटका बसे. काहींतून उजेड भरपूर येई, पण ऊब जाणवत नसे. म्हणजे वेगवेगळ्या रंगांत उष्णता वेगवेगळी असते की काय? दुसऱ्या कुणी काच बदलली असती. यानं तापमापक आणले.

खिडकीतून येणारं ऊन लोलकातून टेबलावर पाडून त्यानं सप्तरंगी पट्टा तयार केला. तापमापकाचे गोळे काळे केले, म्हणजे ते उष्णता चांगली शोषतील. एक तापमापक रंगात ठेवला आणि खोलीचं तापमान कळावं म्हणून बाकीचे बाजूला, सावलीत ठेवले. ही तुलनेची काळजी फार महत्त्वाची. ती नसती तर खोलीच तापली की रंगामुळे पारा चढला, हे कळलंच नसतं. आठ मिनिटांत जांभळ्या रंगात पारा दोन अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ सात. तांबड्याकडे जावं तशी उष्णता वाढत होती. मग त्यानं तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं अशा जागी ठेवला. पारा तिथं तांबड्यापेक्षाही जास्त चढला.

सूर्य आपल्याला दिसत नाही असंही काही तरी पाठवत होता. पुढच्या काही महिन्यांत हर्शेलनं शेगडी, मेणबत्ती, तापवलेलं लोखंड अशा सगळ्यांवर प्रयोग केले. हे अदृश्य किरण आरशावरून परततात, भिंगातून वळतात, काही पदार्थ त्यांना अडवतात, हे त्यानं दाखवून दिलं. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं त्यानं एका वर्षात हे सगळं शोधनिबंधांतून मांडलं. त्या किरणांना अवरक्त हे नाव फार नंतर मिळालं.

सगळ्यांनी ते मान्य केलं असं नाही. एडिनबराच्या जॉन लेस्लीनं कडाडून विरोध केला; गरम झालेल्या हवेमुळेच तापमापक चढला, असं त्याचं म्हणणं होतं. इतरांनी प्रयोग करून पाहिला तेव्हा हर्शेलचं निरीक्षण खरं ठरलं. अर्थ लावताना मात्र हर्शेल स्वतःच चुकला. आधी त्याला प्रकाश आणि उष्णताकिरण एकाच जातीचे वाटले होते; पुढे त्यानं मत बदललं आणि ते दोन वेगळे पदार्थ आहेत असं ठरवलं. त्याचं पहिलं मतच बरोबर होतं, हे सिद्ध व्हायला आणखी काही दशकं गेली. सूर्यावर वस्ती आहे, असंही तो शेवटपर्यंत मानत असे. निरीक्षण चोख आणि निष्कर्ष फसलेला, ही गोष्ट वैद्यकात रोज घडते. म्हणूनच आकडे नीट लिहून ठेवायचे असतात. पुढचा माणूस त्यांतून खरं काय ते काढतो.

पुढचा माणूस घरातलाच निघाला. विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल यानं १८४० मध्ये काजळी धरलेला पातळ कागद अल्कोहोलमध्ये भिजवला आणि त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. जिथं उष्णता जास्त, तिथं अल्कोहोल आधी उडून गेलं आणि कागदावर उष्णतेचं चित्र उमटलं. त्याला त्यानं थर्मोग्राम म्हटलं. आजच्या थर्मल कॅमेऱ्याच्या चित्रालाही तेच नाव आहे. पुढे अमेरिकेत सॅम्युएल लँग्लीनं उष्णता मोजणारं इतकं नाजूक उपकरण केलं, की पाव मैलावर उभ्या असलेल्या गायीची ऊबही त्यात कळे. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं हे तंत्र वाढवलं आणि १९५० च्या दशकात ते माणसांच्या रुग्णालयात आलं. पाठोपाठ घोड्यांच्या तबेल्यातही.

घोड्याच्या पायासाठी हे तंत्र इतकं सोयीचं का, याचं कारण त्या पायाच्या घडणीत आहे. गुडघ्याखाली घोड्याला मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. हाडं, कंडरा, रक्तवाहिन्या आणि वर पातळ कातडी. आत सूज आली की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि ती ऊब थेट कातडीवर येते. साधारण ३० ते ३५ अंश सेल्सियसची कातडी सेंटिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या लांबीच्या अवरक्त लहरी सोडत असते. कॅमेरा त्यांवरून अंशाच्या दहाव्या भागापर्यंतचा फरक दाखवतो. हाताला एकदोन अंशांखालचा फरक नीट कळत नाही. दोन्ही पायांच्या नेमक्या त्याच जागी एक अंशाहून जास्त फरक सातत्यानं दिसला, तर पशुवैद्य तिथं लक्ष देतात. खुराच्या वरच्या कडेला ऊब वाढली असेल तर खुरात पू झालाय का, किंवा खुराच्या आतल्या पडद्याला सूज आहे का, हे पाहतात. नळीच्या मागं उभा तांबडा पट्टा दिसला तर कंडरेवर ताण आला असावा. शर्यतीच्या घोड्यांमध्ये लंगडणं सुरू होण्याआधीच कंडरेची ऊब वाढलेली दिसते, असं आढळलं आहे. तेवढ्यात विश्रांती दिली, तर कंडरा तुटण्यापासून वाचू शकते.

पण इथंही हर्शेलची सावलीत ठेवलेल्या तापमापकाची शिस्त लागते. घोडा उन्हातून आणून लगेच चित्र काढलं तर ऊन लागलेली बाजू तांबडी दिसणार. पाय ओला असेल, मलम चोळलेलं असेल, नुकतीच पट्टी सोडलेली असेल, वारा एका बाजूनं येत असेल, तर चित्र खोटं बोलतं. म्हणून घोड्याला सावलीत, वारा नसलेल्या जागी थोडा वेळ उभं करायचं, पाय आधीच स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे, दोन्ही पायांची सगळ्या बाजूंनी चित्रं काढायची. एवढं करूनही कॅमेरा ऊब कुठं आहे ते सांगतो, ती कशामुळे आहे ते सांगत नाही. खोलवरच्या सांध्याचं दुखणं कातडीवर येईलच असं नाही. रक्तपुरवठा किंवा नस दुखावली असेल तर दुखरी जागा उलट थंड दिसते. शेवटी चालवून पाहणं, खूर दाबून पाहणं, सुई देऊन पायाचा एकेक भाग बधिर करून पाहणं, एक्स-रे आणि सोनोग्राफी यांना पर्याय नाही.

मराठवाड्यात घोडा अजून गेलेला नाही. लग्नाच्या वरातीत तो आहे, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्याचा बाजार भरतो. वरातीचा घोडा डांबरी रस्त्यावर, बँडच्या आवाजात तासन् तास नाचवला जातो. तो लंगडला की वेदनाशामक इंजेक्शन देऊन पुढची वरात उरकण्याचा मोह होतो. दुखणं झाकलं जातं, सूज आत वाढत राहते आणि एक दिवस जनावर कायमचं बसतं. थर्मल कॅमेरा प्रत्येक तबेल्यात येईल अशी शक्यता आज नाही. पण सकाळी काम सुरू करण्याआधी चारही पायांवरून पालथा हात फिरवणं, दोन्ही बाजू ताडून पाहणं आणि ऊब लागली तर त्या दिवशी विश्रांती देऊन पशुवैद्याला दाखवणं, याला पैसे पडत नाहीत.

हीच गोष्ट माणसालाही लागू आहे. मधुमेहात अनेकांच्या पायांची संवेदना जाते. काटा रुतला, चप्पल चावली, तरी कळत नाही. त्या बाबतीत तो पाय घोड्यासारखाच मुका होतो. तळव्याला जखम होण्याआधी ती जागा गरम होऊ लागते. दोन्ही पायांच्या त्याच जागी साधारण २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक दिसत राहिला, तर तो धोक्याचा इशारा मानतात. तेव्हा चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवलं, तर जखम टळू शकते. सरकारी रुग्णालयात मधुमेहाचे कित्येक रुग्ण पाय काळा पडल्यावरच येतात. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून, उजेडात तळवे पाहिले आणि दोन्ही पायांवरून पालथा हात फिरवून पाहिला, तरी यातले बरेच पाय वाचतील. करोनाच्या काळात कपाळासमोर धरलेली तापाची बंदूक अवरक्त किरणांवरच चालत होती. मात्र स्तनाच्या कर्करोगासाठी थर्मल चित्र मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. तशी जाहिरात कुणी केली तर तिला भुलू नये.

१८१६ मध्ये विल्यम हर्शेलला सर ही पदवी मिळाली. २५ ऑगस्ट १८२२ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षात स्लाउ इथं त्याचा मृत्यू झाला. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. त्याचं आयुष्यही जवळपास तेवढंच भरलं. कॅरोलिन हॅनोव्हरला परतली, भावाच्या नोंदी पुन्हा लावत राहिली आणि १८४८ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. त्याचे दोन नातू हिंदुस्थानात आले. विल्यम जेम्स हर्शेल बंगालमध्ये मुलकी अधिकारी होता. १८५८ मध्ये त्यानं एका करारावर हाताचा ठसा घेतला आणि ओळख पटवण्यासाठी बोटांचे ठसे वापरण्याची वाट पाडली. दुसरा, जॉन, हा भूमापन खात्यात होता. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यानं पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून पाहिलं आणि सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला. आजोबांनी लोलकातून ज्या सूर्याची उष्णता मोजली, त्याच सूर्याकडे नातू मराठी मुलखातून पाहत होता.

आता ते न दिसणारे किरण हिंगोलीतही येणार आहेत. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांमधून जो लेसर धावेल, तो अवरक्तच असेल. कृष्णविवरांच्या टकरीची थरथर त्यानं मोजायची आहे. आणि त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत, वरातीहून परतलेल्या घोड्याच्या पायावरून कुणी पालथा हात फिरवत असेल. दोघंही हर्शेलचंच काम करत असतील: डोळ्याला दिसत नाही म्हणून ते नाहीच, असं न मानता नीट पडताळून पाहायचं.